तहकुबी आणि घर : 'शेतकऱ्याचा असूड'चे एक वाचन

मराठी गद्याच्या इतिहासात जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ दीर्घकाळ विचारांच्या खाती जमा राहिला. वाङ्मयाच्या खाती त्याची नोंद क्वचितच झाली. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या या पाच प्रकरणांच्या ग्रंथाला शैली नाही, बांधेसूदपणा नाही, त्यात आवेशच अधिक, असा निवाडा एकेकाळी प्रतिष्ठित समीक्षेने सहज दिला. थकलेला सरकारी सारा आणि वाढते कर्ज यांच्या कात्रीत सापडलेले बेताच्या मिळकतीचे कुटुंब हा अनुभव मराठी गद्यात कोठे प्रथम साक्षात झाला, असा प्रश्न विचारला, तर मात्र उत्तरासाठी याच ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणापाशी यावे लागते.

तेथे दुपारच्या भर उन्हात एक खंगलेला शेतकरी कलेक्टरच्या तळावरून आपल्या गावाकडे परततो आहे. सरकारी हप्ता पुढे ढकलावा, तहकुबी द्यावी, एवढीच त्याची मागणी होती आणि ती नाकारली गेली आहे. घरी येऊन तो आडवा होतो आणि स्वतःशीच बोलू लागतो. या स्वगतात त्याची तक्रार एका जागी ठरत नाही. ती साहेबावरून कारकुनावर जाते, कारकुनावरून सावकारावर आणि तेथून स्वतःच्या घराकडे वळते. टीकाकारांनी ज्याला विस्कळीतपणा म्हटले, त्याचे रहस्य येथे उलगडते. थकबाकीदाराचे मन असेच चालते. त्याला कारणांची उतरंड लावता येत नाही, कारण प्रत्येक कारण दुसऱ्याच्या दाराशी नेऊन सोडते. फुल्यांचे गद्य हा फेरा सरळ करीत नाही आणि त्यामुळेच ते खरे वाटते.

स्वगतानंतर लेखक त्या शेतकऱ्याचे घर दाखवतो. जुने कौलारू घर, जनावरांचा गोठा, अवजारे, भांडीकुंडी, घाण आणि दारिद्र्य. जप्तीच्या कारकुनानेही अशीच यादी केली असती. पण त्याच्या यादीत वस्तूंना किंमत असते, येथे त्यांना वापर आहे. हा फरक लेखक कोठे सांगत नाही. याद्यांचा त्याला सोस आहे, हे खरे. इतर प्रकरणांत, विशेषतः इतिहासाच्या विवेचनात, तो वाचकाला दमवतो. येथे मात्र यादीच अर्थ होते.

या घराभोवतीचा काळ लक्षात घेतला पाहिजे. रयतवारीत सारा रोख भरावयाचा, तोही ठरलेल्या हप्त्यांनी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात फेरमोजणीने साऱ्याचे दर वाढू लागले. हप्त्याची तारीख पिकाची वाट पाहत नाही. सावकार मात्र तारखेच्या आदल्या दिवशीही पैसे देतो. सरकारचे देणे भागवण्यासाठी रोखा लिहिला जाई आणि जमीन वाचवण्याच्या खटपटीत तीच गहाण पडे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठलेल्या लोकांचा रोख खतपत्रांवर होता, तो याचसाठी. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासता येऊ लागला. पण त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल कायद्याने साऱ्याच्या थकबाकीपायी जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार कायम ठेवला. सावकाराच्या हिशेबाची झडती घेता येई, सरकारच्या हिशेबाची नाही. फुल्यांचा शेतकरी सावकाराकडे न जाता कलेक्टरच्या तळावर का जातो, हे या विषमतेतून कळते.

हा प्रश्न एकट्या दख्खनचा नव्हता. आज जेथे चंदीगढ उभे आहे, ती गावे तेव्हा अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीत होती. त्या पंजाबातील कर्जाचा शोध माल्कम डार्लिंग या सनदी अधिकाऱ्याने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात घेतला. जमीनमालकांपैकी जेमतेम सतरा टक्के कर्जमुक्त आहेत आणि एकूण कर्ज साऱ्याच्या बारा पट आहे, असा त्याचा हिशेब. तेथे १९०० मध्येच जमीन बिगरशेतकरी जातींकडे जाऊ नये म्हणून कायदा झाला होता, तरी कर्ज हटले नव्हते. डार्लिंगची सहृदयता निर्विवाद आहे. परंतु बारा पट या आकड्यावरून सारा हे कर्जाचे मुख्य कारण नव्हे, असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो फुल्यांच्या पानांपुढे टिकत नाही. सारा किती, यापेक्षा तो केव्हा मागितला जातो, हे घराच्या दृष्टीने निर्णायक असते. लहान रकमेसाठी काढलेले कर्ज व्याजाने मोठे होते आणि आकड्यांच्या तक्त्यात त्याचे मूळ दिसेनासे होते. स्वगतात ते दिसते.

फुल्यांच्या चित्रणाला मर्यादा आहेत. ब्राह्मण कामगाराला त्यांनी दिलेले सर्वव्यापी कारणत्व अनेक ठिकाणी यंत्रणेचे विश्लेषण अडवते. साऱ्याचा दर ठरवणारा हात फार वरचा होता, हे त्यांना ठाऊक असूनही रोष जवळच्या हातावर अधिक कोसळतो. अर्थात, शेतकऱ्याच्या अनुभवात कागद वाचून दाखवणारा तोच जवळचा हात असतो, हेही विसरता येत नाही.

ग्रंथाचे भवितव्यही त्याच्या विषयाला साजेसे ठरले. आरंभीची प्रकरणे 'दीनबंधू'त आली. पुढील भाग छापण्यास ते पत्र धजले नाही. लेखकाच्या हयातीत तो पुस्तकरूपाने निघाला नाही. १९६९ मध्ये धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयामुळे तो सर्वांच्या हाती आला. त्याआधी तो लोकांनी ऐकला होता. पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी फुल्यांनी हस्तलिखित वाचून दाखवले, सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवले. ओतुरास किंवा हडपसरास जे ऐकावयास बसले, त्यांतील कित्येकांना तळावरची ती वाट पायाखालची होती. त्यांच्यापुढे हे गद्य कानांनी पारखले गेले, आणि त्याची लांब, धापा टाकणारी वाक्ये मोठ्याने वाचली असता आजही अडखळत नाहीत.