फितुरी की हिशेब? : कुलाबा, १७२१

क्लेमेंट डाउनिंग हा इंग्रज नाविक आंग्र्यांवरील मोहिमांत होता. हिंदुस्थानातील युद्धांवरचे त्याचे पुस्तक १७३७ साली लंडनला छापले गेले. त्यातला कुलाब्याचा प्रसंग पुढे इंग्रजी इतिहासात रूढ झाला : हल्ला फसल्यावर कमोडोर मॅथ्यूजने संतापून पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात हातातली काठी खुपसली. प्रसंग चटकदार आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात एवढेच उरते, की पोर्तुगिजांनी दगा दिला. आपल्याकडची लोकप्रिय पुस्तके याच लढाईचे सारे श्रेय कान्होजींच्या शौर्याला देतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

विजयदुर्ग आणि खांदेरीवर एकट्याने केलेले हल्ले फसल्यावर मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने जोडीदार शोधला. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची जहाजे, कंपनीचे सैन्य आणि खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय असे सारे कुलाब्यापुढे उभे ठाकले. समोर एकटा सरखेल.

पण तो एकटा नव्हता. १७१४ साली बाळाजी विश्वनाथाने त्याला शाहूंच्या बाजूला आणले होते. ते नाते आता कामी आले. बाजीराव घोडदळ घेऊन पोचला आणि हल्लेखोरांचे हिशेब वेगळे झाले. मुंबई हे बेट. मराठी घोडा तिथे सहज पोचत नव्हता. पोर्तुगिजांचा वसई-चौलचा मुलूख मात्र त्याच्या टापेखाली होता. मोहीम एक, पण धोका सारखा नव्हता. ज्याचे घर उघडे, तो आधी तहाला बसणार. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी वेगळा तह केला. याला फितुरी म्हटले की विचार तिथेच थांबतो.

मी मुळशीत राहतो. तैलबैलाच्या कड्यावरून खाली कोकण दिसते, आणि वाघजाई, सवाष्णीसारख्या वाटा उतरताना दिसतात. बाजीराव कोणत्या वाटेने उतरला हा माझा मुद्दा नाही. समुद्रातल्या किल्ल्याचे बळ अर्धे घाटमाथ्यावर असते, हे इथे उभे राहिले की कळते. डाउनिंगने किल्ला पाहिला तो समुद्राकडून.

या म्हणण्याची कसोटी १७५६ ची. फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. तेव्हाही इंग्रजांबरोबर जोडीदार होता, आणि किल्ल्यात आंग्रेच होते. फरक इतकाच, की तुळाजीच्या पाठीशी घाटावरून येणारे कोणी नव्हते. घाटावरचे सैन्य त्याच्याच विरुद्ध उतरले होते. किल्ला हाती आल्यावर इंग्रजांनी तो पेशव्यांना लगेच दिला नाही. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट घेऊन मगच सोडला.

१७२१ चा अभिमान आपण आवडीने सांगतो, १७५६ चे पान मात्र घाईने उलटतो. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्यांतले एकही कळत नाही.