पालि संशोधन-प्रकल्पांचा चेहरा : नाव, लिपी आणि पत्ता

पालि व बौद्ध विद्येच्या क्षेत्रात एखादा संशोधन-प्रकल्प हाती घ्यावयाचा म्हटले की आता दोन गोष्टींची चर्चा प्रथम होते. पहिली निधीची व दुसरी बोधचिन्हाची. ग्रंथ कोणता, त्याची कोणती आवृत्ती प्रमाण मानावयाची, पाठभेद कसे नोंदवावयाचे, हे प्रश्न मागाहून येतात. याच्या उलट टोकाला आपल्याकडील जुन्या वळणाचे अभ्यासक आहेत. प्रकल्प लोकांना कसा दिसतो हा विचारच त्यांना विद्वत्तेला कमीपणा आणणारा वाटतो. दोन्ही भूमिका सारख्याच चुकीच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संशोधन आज बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर वाचले जाते. तेथे ग्रंथपाल नाही, प्रस्तावना वाचून दाखविणारा गुरू नाही. वाचकाने कशावर विश्वास ठेवावयाचा, हे त्या पडद्यावर जे दिसते त्यावरूनच त्याला ठरवावे लागते. म्हणून प्रकल्पाच्या दृश्यरूपाची चिकित्सा ही ग्रंथचिकित्सेचाच भाग मानली पाहिजे. बौद्ध साहित्याच्या क्षेत्रात गेल्या तीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या काही प्रकल्पांची या दृष्टीने येथे तपासणी करावयाची आहे.

प्रथम नावाचा विचार करू. आपल्या वाचकाला हे सांगावयास नको की नाव ही वरवरची गोष्ट नसते. 'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'जनता' १९३० साली. आणि १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. ही केवळ पत्रांची नावे नव्हती. प्रत्येक नावाने वाचक कोण आणि तो कोठे उभा आहे, हे ठरविले. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. 'प्रबुद्ध' या शब्दापर्यंत येताना तो आधार मागे पडला. छत्तीस वर्षांतील वैचारिक प्रवास शिरोभागावरूनच वाचता येतो. दृश्य ओळख म्हणजे काय, हे शिकण्यासाठी आपणास परदेशी पुस्तकांकडे जाण्याचे फारसे कारण नाही.

तिबेटी त्रिपिटकाच्या इंग्रजी अनुवादाचा एक मोठा प्रकल्प २०१० साली सुरू झाला. कंग्युर पंचवीस वर्षांत आणि तंग्युर शंभर वर्षांत अनुवादित करावयाचा, असा त्याचा संकल्प आहे. आरंभी त्याला 'बौद्ध साहित्यिक वारसा प्रकल्प' अशा अर्थाचे एक सरकारी थाटाचे नाव होते. पुढे ते टाकून '८४०००' हा केवळ आकडा नाव म्हणून घेण्यात आला. या बदलामागची जाण कौतुकास्पद आहे. थेरगाथेत आनंद स्थविरांच्या तोंडी हा आकडा येतो : बुद्धाकडून ब्याऐंशी हजार आणि भिक्षूंकडून दोन हजार, असे धम्माचे चौऱ्याऐंशी हजार भाग त्यांनी ग्रहण केले. अशोकाने चौऱ्याऐंशी हजार विहार बांधल्याची परंपरा महावंसात आहे. आकडा कोणत्याही लिपीत वाचता येतो, त्याचे भाषांतर करावे लागत नाही, आणि तो ग्रंथातूनच आलेला आहे. (मराठी कानाला मात्र चौऱ्याऐंशी म्हटले की प्रथम लक्ष योनी आठवतात. तो संस्कार धुऊन काढणे हे वेगळेच काम आहे.)

नाव चांगले, पण चेहऱ्याचे दुसरे अंग तितके स्वच्छ नाही. या प्रकल्पाच्या प्रत्येक अनुवादास सारांश, प्रस्तावना, टिपा, संदर्भसूची व शब्दसूची जोडलेली असते, आणि तोहोकू विद्यापीठाच्या १९३४ च्या सूचीतील क्रमांक ही त्याची खूण असते. ही शिस्त नमुनेदार म्हणावी लागेल. परंतु अनेक ठिकाणी शिरोभागी अनुवादक-मंडळाचे नाव असते आणि प्रत्यक्ष अनुवाद कोणी केला, कोणी तपासला, हे ऋणनिर्देशात जाऊन शोधावे लागते. सामूहिक काम सामूहिक नावाने यावे, यात एक नम्रता आहे हे मान्य. पण एखाद्या शब्दाच्या अर्थाविषयी शंका आली तर जाब कोणाला विचारावयाचा? ज्ञानाच्या क्षेत्रात शतकानुशतके ज्यांची नावे पुसली गेली, त्या समाजातील अभ्यासकाने तरी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये.

नावापेक्षा अधिक खोल प्रश्न लिपीचा आहे. पालिला स्वतःची अशी लिपी नाही. ती सिंहलीत लिहिली गेली, ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहिली गेली, ख्मेर व थाई लिपींत लिहिली गेली. म्हणजे पालि ग्रंथाला जेव्हा जेव्हा दृश्यरूप मिळाले, तेव्हा तेव्हा ते कोणीतरी निवडलेले होते. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन लिपी निवडली आणि पश्चिमी विद्यापीठांत पालिचा तोच चेहरा रूढ झाला. सयामचे राजे चुलालंकर्ण यांनी १८९३ साली एकोणचाळीस खंडांत त्रिपिटक छापविले ते थाई लिपीत. तोपर्यंत त्या देशात पालिसाठी ख्मेर वळणाची लिपी पवित्र मानली जाई. ते खंड जगभरच्या ग्रंथालयांना भेट म्हणून गेले, आणि त्यांबरोबर सयाम हे एक स्वतंत्र बौद्ध राष्ट्र आहे ही घोषणाही गेली. आपल्याकडे धर्मानंद कोसंबी यांचा 'विसुद्धिमग्ग' मुंबईत १९४० साली नागरीत निघाला. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून १९५६ ते १९६१ या काळात एक्केचाळीस खंडांचे नागरी त्रिपिटक आले. भारतीय वाचकाला पालि आपली वाटण्यास या मुद्रणाने जे केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

संगणकावर हाच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात पुढे येतो. रोमन लिपीतील पालित निग्गहीतासाठी 'एम्' या अक्षराखाली टिंब देण्याची जुनी रीत आहे, तर २००१ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार टिंब वर द्यावयाचे असते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक क्षुल्लक आहे. यंत्राला मात्र ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत. शोधयंत्रणेत आधीच तजवीज केलेली नसेल, तर एका रीतीने टंकलेला शब्द दुसऱ्या रीतीच्या ग्रंथात सापडत नाही, आणि विद्यार्थी 'हा शब्द त्रिपिटकात नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. टिंब कोठे द्यावे हा सौंदर्याचा प्रश्न आहे की संशोधनाचा, असा भेद येथे करताच येत नाही.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या छट्ठ संगायनाचा (१९५४-५६) पाठ नागरीत १४० खंडांत छापला, १९९७ साली तो संगणकाच्या तबकडीवर आणला आणि पुढे संकेतस्थळावर खुला केला. विपश्यनेविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. ते येथे प्रस्तुत नाहीत. ग्रंथसेवा म्हणून हे काम किती मोठे आहे, हे ज्याने अट्ठकथा आणि टीका शोधण्यात वर्षे घालविली आहेत त्यालाच कळेल. एकच पाठ नागरी, रोमन, सिंहली, थाई, ब्रह्मी, ख्मेर अशा अनेक लिपींत वाचता यावा, ही कल्पना तर पालिच्या स्वभावाशी पूर्ण सुसंगत आहे. लिपी न बदलता केवळ वेष बदलल्यासारखे वाटते, इतके ते सहज होते. पाठातच ब्रह्मी, थाई व पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांचे पृष्ठांक नोंदविलेले आहेत, हा आणखी एक उपकार.

या कामाची उणीव आहे ती पत्त्यात. ग्रंथांचा अनुक्रम झाडाच्या फांद्यांसारखा उघडत जातो आणि शेवटी जी फाइल मिळते तिचे नाव अक्षरे व अंक यांची एक सांकेतिक साखळी असते. तिच्यावरून निकाय ओळखता येत नाही, सुत्त तर नाहीच. प्रबंधात तो पत्ता उद्धृत केला तर परीक्षकाला त्यातून काही बोध होणार नाही. २००५ साली सुरू झालेल्या 'सुत्तसेंट्रल'ने नेमकी हीच गोष्ट केंद्रस्थानी ठेवली. मज्झिम निकायातील दहावे सुत्त हवे असेल तर निकायाची दोन आद्याक्षरे व दहा हा आकडा एवढाच त्याचा पत्ता. विभाग पुढे वाक्यखंडापर्यंत क्रमांकित असल्याने एका वाक्याकडेही बोट दाखविता येते. त्या सुत्ताचे चिनी आगमांतील व संस्कृत अवशेषांतील समांतर पाठ तेथेच नोंदविलेले असतात. १९२९ साली आकानुमा या जपानी विद्वानाने छापलेल्या तुलनात्मक सूचीची ही पुढची पायरी आहे. अनुवादकाचे नाव प्रत्येक अनुवादाशी स्पष्ट असते. भिक्षू सुजातो यांनी आपले निकायांचे अनुवाद सर्व हक्क सोडून जगाला दिले आहेत. अनुवादासाठी तयार केलेल्या प्रणालीचे नावही 'बिळार' म्हणजे मांजर असे पालि आहे. विद्वत्तेला थोडी विनोदबुद्धी मानवते, याची ही खूण. या संकेतस्थळाची खरी ओळख त्याच्या रंगरूपात नसून पत्त्यात आहे. लोक संकेतस्थळाचे चित्र आठवत नाहीत, सुत्ताचा क्रमांक आठवतात. आणि क्रमांक आठवला की स्थळ आठवते.

आता बोधचिन्हाविषयी थोडे. कमळ, पिंपळपान, आठ आऱ्यांचे चक्र, भगवट पिवळा रंग आणि नागरीचा आभास देणारी वाकडी रोमन अक्षरे, एवढ्या सामग्रीवर बौद्ध विद्येची अर्धीअधिक बोधचिन्हे बेतलेली दिसतात. एका बैठकीत चक्राला आठ आरे असावेत की चोवीस, यावर दोन तास गेल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. त्याच बैठकीत मूळ पाठ कोणता घ्यावयाचा, हा विषय वेळेअभावी पुढे ढकलला गेला. चिन्ह नकोच असे नाही. १८८५ साली कोलंबोच्या समितीने बौद्ध ध्वज तयार केला, तेव्हा रंगांची निवड बुद्धाच्या देहातून निघणाऱ्या षड्वर्ण रश्मींच्या पालि परंपरेतून केली. नील, पीत, लोहित, ओदात, मंजेट्ठ आणि या सर्वांच्या मिश्रणाची सहावी प्रभा. मूळ ध्वज लांबट पताकेसारखा होता. कर्नल ऑल्कॉट यांनी त्याचे माप नेहमीच्या राष्ट्रध्वजासारखे करण्याची सूचना केली. रंग ग्रंथातून आले आणि माप व्यवहारातून. म्हणूनच तो आज आपल्या विहारांवरही फडकतो. ज्या चिन्हाला असे कारण सांगता येत नाही, ते शोभेचे असते.

अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांची सर्वांत मोठी परीक्षा अनुदान संपल्यावर होते. तीन किंवा पाच वर्षे सुबक दिसलेले संकेतस्थळ एके दिवशी उघडत नाही, आणि प्रबंधांतील तळटीपा निराधार होतात. जॉन बुलिट यांच्या 'अ‍ॅक्सेस टू इनसाइट'चे उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. १९९३ मध्ये दूरध्वनीवरून जोडल्या जाणाऱ्या फलकाच्या रूपाने ते सुरू झाले, पुढे महाजालावर आले, आणि हजारावर सुत्तांचे अनुवाद त्याने विनामूल्य दिले. त्याला सजावट जवळजवळ नव्हती. पांढरे पान, काळी अक्षरे, अनुवादकाचे नाव आणि पुनर्मुद्रणाच्या अटी. २०१३ साली त्यात नवी भर घालणे थांबले. पण थांबण्यापूर्वी सर्व संग्रह उतरवून घेता येईल अशी व्यवस्था करण्यात आली, आणि पाने जागच्या जागी राहिली. काम कसे बंद करावे, याचा विचार काम सुरू करणाऱ्यांनी केला, असे उदाहरण आपल्या क्षेत्रात विरळा. अनेक भपकेदार स्थळांपेक्षा या साध्या पानाची ओळख अधिक टिकाऊ ठरली.

मराठीत असे एखादे स्थळ उभारावयाचे तर अक्षरांपासून आरंभ करावा लागेल. बाबासाहेबांचे पालि व्याकरण व शब्दकोश शासकीय ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाले. असा कोश पडद्यावर आणावयाचा तर नागरी आणि टिंबायुक्त रोमन ही दोन्ही अक्षरे एका ओळीत, एका उंचीची व एका वजनाची दिसली पाहिजेत. यासाठी परक्याच्या दारी जाण्याची गरज राहिलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फाँट करवून घेतला. त्याच्या आधारे मुंबईच्या आय.आय.टी.त 'शोभिका' हा फाँट तयार झाला. त्यात नागरीबरोबर लिप्यंतराची रोमन चिन्हेही आहेत, आणि तो सर्वांना विनामूल्य आहे.

एक बारकावा मात्र आधी सोडवावा लागेल. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत, आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप निश्चित केले होते. पुष्कळ फाँट मराठी वळण तेव्हाच दाखवितात, जेव्हा त्या मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण पानात घातलेली असते. आता मूळ उताऱ्यावर पालिची खूण आणि त्याखालील अनुवादावर मराठीची खूण घातली, तर अशा फाँटात 'सील' या पालि शब्दातील ल एका वळणाचा येतो आणि 'शील' या मराठी शब्दातील ल दुसऱ्या वळणाचा. दोन्ही शब्द एकमेकांखालीच असतात. बोधचिन्ह कोणाकडून काढून घ्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी, पालिसाठी कोणते वळण घ्यावयाचे याचा निर्णय संपादकांनी करून ठेवावा.