२०८ सेकंदांचा निवाडा

'सली' हा क्लिंट ईस्टवुड यांचा २०१६ सालचा चित्रपट. चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. टॉम हँक्स यांनी कॅप्टन सलेनबर्गर इतक्या संयमानं उभे केलेत की कुठंही वीरपुरुषाचा आव येत नाही. नदीत विमान उतरण्याचा प्रसंगही नको तितका ताणलेला नाही. पण ज्या प्रसंगाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, नेमका तोच मला खटकतो. का, ते सांगते.

मूळ घटना बऱ्याच जणांना माहीत असेल. १५ जानेवारी २००९ च्या दुपारी यूएस एअरवेजचं १५४९ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून शार्लटला निघालं. जेमतेम २,८०० फुटांवर कॅनडा गूज जातीच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा आडवा आला आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. खाली शहर पसरलेलं. सलेनबर्गर यांनी सहवैमानिक जेफ स्काइल्स यांच्याकडून विमान आपल्या हाती घेतलं आणि हडसन नदीत उतरवलं. पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत २०८ सेकंद. आत १५५ माणसं, सगळी वाचली.

आता एवढ्यावर दीड तासाचा चित्रपट कसा होणार? संघर्ष हवा, म्हणजे कुणीतरी खलनायक हवा. पक्ष्यांना तर खलनायक करता येत नाही. मग ती जागा मिळाली अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला. चित्रपटातले अधिकारी थंड डोळ्यांचे, जणू दोष आधीच ठरवून बसलेले. सिम्युलेटरवरचे वैमानिक विमान सुखरूप धावपट्टीवर परत नेऊन दाखवतात. मग सली विचारतो, यांनी सराव किती वेळा केला? उत्तर येतं, सतरा वेळा. काय झालंय हे कळायला आणि काय करायचं हे ठरवायला लागणारा वेळ यात धरलाच नाही, असं तो सुनावतो. तेव्हा ३५ सेकंद वाढवून पुन्हा प्रयोग होतो, विमानं कोसळतात, अधिकारी वरमतात. आपण टाळ्या वाजवतो.

प्रत्यक्षात हे ३५ सेकंद चौकशी करणाऱ्यांनीच धरले होते. मंडळानं २०१० मध्ये दिलेल्या अहवालात ते स्पष्ट लिहिलंय. पक्षी धडकताक्षणी विमान वळवलं असतं तर सिम्युलेटरवरचे काही प्रयत्न यशस्वी झाले, काही फसले. पण माणसाला लागणारा वेळ धरून पाहिलं तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. नदीत उतरण्याच्या निर्णयानंच जगण्याची शक्यता सर्वांत जास्त राहिली, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे न्यायाचं जे माप चौकशीनं स्वतः होऊन लावलं, ते चित्रपटानं त्यांच्या हातून काढून नायकाच्या हाती दिलं. खुद्द सलेनबर्गर यांनीच पटकथेतून अधिकाऱ्यांची खरी नावं काढायला लावली, असं हँक्स यांनी सांगितलं होतं. त्यांना तो अन्याय वाटला. नावं गेली, अन्याय तसाच राहिला.

हे माप समजायला विमानात बसायची गरज नाही. पुऱ्या तळताना कढईतल्या तेलानं पेट घेतला, तर घरातली बाई गॅस बंद करते, वर झाकण टाकते. मग बाहेरून धावत आलेले चार जण सांगतात, "अगं, आधी हे करायचंस!" त्यांचं घड्याळ आग दिसल्यापासून सुरू होतं. तिचं घड्याळ त्याआधी, 'हे काय झालं?' या प्रश्नापासून सुरू झालेलं असतं. त्या प्रश्नात गेलेला वेळ बाहेरचा माणूस मोजत नाही.

चित्रपटात अधिकारी सलीला विचारतात, झोप किती झाली होती, शेवटचं मद्य कधी घेतलं, घरी काही कटकट आहे का. ऐकताना आपल्याला राग येतो, आणि तो यावा अशीच मांडणी आहे. पण हे प्रश्न विचारायचेच असतात. विमान वाचलं म्हणून ते गाळायचे आणि पडलं तरच विचारायचे, असं केलं तर ती चौकशी राहत नाही, निकालावरून केलेला सत्कार किंवा शिक्षा होते.

अहवालात अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्यांना चित्रपटात जागा नाही. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वाचायची जी चेकलिस्ट वैमानिकांच्या हाती होती, ती २०,००० फुटांवरच्या विमानासाठी बेतलेली होती. ती पुरी वाचायला वेळच नव्हता. सलेनबर्गर यांनी विमानातलं छोटं सहायक इंजिन लगोलग सुरू केलं, ते अहवालानं वाखाणलं. पण शेवटी वेग हवा त्यापेक्षा कमी झाला, पाण्यावरचा आदळ जोराचा झाला आणि मागचा भाग फुटून पाणी आत आलं, हेही लिहिलं. लगेच पुढे हेही लिहिलं की इतक्या ताणात आणि इतक्या कामांच्या गर्दीत असं होणं समजण्यासारखं आहे. त्या विमानात तराफ्याचं काम देणाऱ्या घसरगुंड्या होत्या. खरं तर त्या मार्गासाठी त्यांची सक्तीच नव्हती, योगायोगानं होत्या. जवळच्या फेरीबोटी काही मिनिटांत पोचल्या. कौतुक, उणीव आणि नशीब हे तिन्ही एकाच अहवालात, आवाज न चढवता. मला हा निवाडा चित्रपटापेक्षा जास्त मोठ्या मनाचा वाटतो.

याची दुसरी बाजूही पाहावी. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ३८ क्रमांकाच्या विमानाची दोन्ही इंजिनं हीथ्रोजवळ ऐन उतरताना मंदावली. सुकाणू सहवैमानिक जॉन कावर्ड यांच्या हाती होतं. कॅप्टन पीटर बर्किल यांनी पंखांचे फ्लॅप थोडे आत घेतले, त्यानं विमान सुमारे ५० मीटर पुढे जाऊन टेकलं. १५२ जण वाचले. आधी कौतुक झालं, मग कुजबुज सुरू झाली की कॅप्टन गोठून गेले होते. बर्किल यांनी नोकरी सोडली, दुसरीकडे मिळेना. इंधनातल्या पाण्याचा बर्फ होऊन इंजिनाची वाट अडली होती, असा अंतिम अहवाल २०१० मध्ये आला, फ्लॅपच्या निर्णयाची बाजू स्पष्ट झाली. त्याच वर्षी ते कामावर परतले. म्हणजे इथं बदनामी केली ती लोकांच्या तोंडांनी, आणि नाव धुऊन निघालं ते रुक्ष चौकशीनं. 'सली'त नेमकं उलटं दाखवलंय.

आम्हां वडोदऱ्याच्या लोकांना हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान पडलं, २६० माणसं गेली. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आणि कॉकपिटमधल्या बोलण्याचा एक तुकडा त्यात होता. का झालं, कुणामुळे झालं, याचा निष्कर्ष नव्हता. पण वाहिन्यांवर निकाल त्याच रात्री लागला. कुणी वैमानिकांना गुन्हेगार केलं, कुणी चौकशीलाच कारस्थान म्हटलं. दोन्ही बाजूंना थांबायचं नव्हतं. आणि बाजू मांडायला ते दोघे वैमानिक या जगात नव्हते.

'सली'तला मला सर्वांत आवडलेला प्रसंग सुनावणीचा नाही. बाहेर आल्यावर सली एकच गोष्ट विचारत राहतो, किती वाचले? १५५ हा आकडा ऐकल्यावर कुठं त्याच्या खांद्यावरचा ताण उतरतो. त्याला स्वतःपुरता निवाडा मिळालेला असतो. चौकशीचं काम त्याच्या पुढचं. कमी उंचीवर दोन्ही इंजिनं गेली तर वाचायची वेगळी चेकलिस्ट तयार करा, अशी शिफारस त्या मंडळानं केली. पुढच्या वैमानिकाला तेवढेच चार सेकंद जास्त मिळावेत म्हणून. चित्रपट जरूर पाहा, फक्त टाळ्या वाजवताना त्या टेबलापलीकडे बसलेल्यांनाही त्यातल्या थोड्या द्या.