अपशब्दाचे वजन : शिष्टाचार-सिद्धान्ताची एक तपासणी

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन ह्यांचा शिष्टाचारविषयक सिद्धान्त १९७८ साली दीर्घ निबंधाच्या रूपाने आणि १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल ह्या तीन भाषांच्या सामग्रीवर तो उभा आहे. अपशब्दांच्या अभ्यासातही त्याचा आधार वारंवार घेतला जातो; तेव्हा मराठीच्या व्यवहारावर तो घासून पाहणे अगत्याचे आहे.

सिद्धान्ताचा गाभा असा : प्रत्येक माणसाला चारचौघांत आपली एक प्रतिमा जपावयाची असते. ही कल्पना मूळची अर्व्हिंग गॉफमन ह्यांची. एखाद्या उक्तीने त्या प्रतिमेस किती धोका संभवतो, हे तीन गोष्टींच्या बेरजेने ठरते : दोघांमधील अंतर, श्रोत्याची वक्त्यावरील सत्ता, आणि त्या कृतीचा त्या समाजात मानला जाणारा भार.

आता मराठीतील ‘अरेतुरे करणे’ हा वाक्प्रचार घ्यावा. ज्यात एकही अपशब्द नाही, अशा अपमानाला भाषेने येथे स्वतंत्र नाव दिले आहे. ‘तू’ हे सर्वनाम स्वतः निर्दोष आहे. बहुतेक घरांत आई ‘तू’ असते. वारकऱ्याचा विठ्ठलही ‘तू’च असतो. नामदेवाला त्याचा बाळमित्र ‘नाम्या’ म्हणतो, त्यात जिव्हाळाच असतो. परंतु जमीनदाराचा पोरगा साठीच्या गड्याला ‘अरे नाम्या’ म्हणून हाक मारतो आणि गडी ‘जी मालक’ म्हणून ओ देतो, तेव्हा तेच दोन शब्द आयुष्यभराचा अवमान होऊन बसतात. दंश शब्दात नाही. परतफेड करता येत नाही, ह्यात आहे.

वरील सूत्र येथे काय सांगते? श्रोत्याची सत्ता शून्य, म्हणून उक्तीचे वजनही अल्प! ज्याला उलटून बोलता येत नाही त्याचा अपमान सर्वांत हलका, असा हा हिशेब आहे. हे मोजमाप वक्त्याच्या अंदाजाचे आहे, हे लेखकद्वयाने लपविलेले नाही. पण मग ते वक्त्याच्या जोखमीचे माप झाले, श्रोत्याच्या जखमेचे नव्हे. आणि पुढील अनेक विवेचनांत ह्या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते.

उलट टोकाचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी ह्या गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच ‘बोरीचा बार’. एरवी ज्या शब्दांवरून भांडण पेटावे, ते येथे सणाचा भाग ठरतात. विल्यम लबॉव्ह ह्यांनी हार्लेममधील कृष्णवर्णीय मुलांच्या शिव्यांच्या खेळाचे विश्लेषण १९७२ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या मते शिवीतील आरोप उघडच खोटा असेल तोवर खेळ टिकतो. तो खरा निघाला की भांडण सुरू होते. बोरीच्या बाराला हे पूर्णपणे लागू पडत नाही. येथे संरक्षण आरोपाच्या खोटेपणाने नव्हे, तर तिथीने आणि ओढ्याने दिलेले आहे. शिवाय दोन्ही काठांना समान अधिकार आहे, आणि हीच गोष्ट नाम्याच्या वाट्याला कधी येत नाही.

त्यामुळे निषिद्ध शब्दांची यादी करून सभ्यता राखण्याचा उपाय मुळातच फसवा आहे. अशी यादी बोरीच्या स्त्रियांना दोषी ठरवील आणि स्वच्छ जिभेच्या जमीनपुत्राला मोकळे सोडील.

ह्या बाबतीत कायदा भाषाशास्त्राच्या एक पाऊल पुढे गेलेला आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या अधिनियमात २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचे कलम स्वतंत्र झाले. त्यात वक्ता कोण, श्रोता कोण, आणि ते स्थळ लोकांच्या दृष्टीसमोरचे होते काय, हे तिन्ही पाहिले जाते. दाखल्यावर जे नाव केवळ नोंद असते, तेच चावडीवर शिवी होते, हे त्यात गृहीत आहे. ब्राउन-लेव्हिन्सन ह्यांच्या सूत्रात मात्र पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला स्वतंत्र स्थान नाही.

कायद्याची ही अट दुधारी आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ ह्या कलमाखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका उत्तराखंडातील प्रकरणात म्हटले. गोठ्यात, स्वयंपाकघरात, कारखान्याच्या बंद खोलीत चालणाऱ्या अरेतुरेची नोंद तेथे होत नाही, आणि ज्या सूत्राची वर तपासणी केली त्यातही होत नाही.