वचन ताटात आणि वचन पोटात

(भिवापूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘पवित्र शास्त्र: आत्म्याचं अन्न’. खरं सांगतो, आधी वाटलं की हे तर दर रविवारी ऐकतो आपण. यात नवीन काय बोलायचं? मग लक्षात आलं की रोज वापरातल्या वस्तूकडेच आपण सगळ्यात कमी बघतो. तुम्ही भिवापूरची माणसं. मिरची चांगली की कशी हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. रंग बघता, तोडून वास घेता. तसंच आज या एका उपमेला तोडून बघायचं. मी पाळक नाही, साहित्याचा विद्यार्थी आहे. तेव्हा प्रवचन होणार नाही, परीक्षण होईल. आणि समोर ख्रिस्ती मंडळींबरोबर इतरही बरेच जण बसले आहेत, म्हणून माहितीची गोष्टसुद्धा उलगडून सांगेन.

सुरुवात एका शब्दापासून करतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला जीवनाचं अन्न म्हणवतो. मूळ ग्रीकमधला शब्द गव्हाच्या किंवा जवाच्या पावाचा आहे. आपल्या मराठी भाषांतरकारांनी तिथे काय ठेवलं? भाकर. पोळी ठेवता आली असती, नुसतं ‘अन्न’ म्हणता आलं असतं. पण त्यांनी भाकर निवडली. पोळी आपल्याकडे पुष्कळ काळ सणासुदीची होती, पाहुण्यांची होती. भाकर रोजची, कष्टकऱ्याची, शेतात फडक्यात बांधून नेण्याची. माझ्या मते हा मराठी बायबलमधल्या फार चांगल्या निवडींपैकी एक. शास्त्र म्हणजे पक्वान्न नाही, ते रोजचं जेवण आहे, हे भाष्य त्या एका शब्दात आलं.

आणि भाकर ताजी खायची असते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना मान्ना मिळतो. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा तेवढा अपवाद. कालच्या वाचनावर आज भागत नाही, इतका साधा अर्थ.

इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. आता पुढे जाऊ.

हल्ली सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर वचन येतं. मागे गुलाबाचं फूल, नाहीतर उगवता सूर्य. मलाही येतात, मी हसत नाही त्यांना. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते. पण कोणती वचनं येतात ते जरा बघा. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन तर फारच फिरतं. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याच्या योजना आहेत, अशा अर्थाचं. छान आहे. पण ते कोणत्या पत्रातलं आहे? बाबेलला धरून नेलेल्या कैद्यांना लिहिलेल्या पत्रातलं. आणि त्याच पत्रात त्याच्या जरा आधी काय आहे? की सत्तर वर्षं तिथेच जाणार आहेत. घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलं त्या शहराचं भलं चिंता. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उरलेलं आयुष्य परक्या मुलुखात जाणार. ते फुलावर छापत नाही कुणी. आपण भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खातो आणि म्हणतो जेवण झालं.

माझा पहिला आक्षेप हा. आहाराची उपमा आपण चवीपाशी थांबवली. अन्नाचं काम तोंडात संपत नाही, तिथे ते सुरू होतं.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. पहिल्या स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा माणूस येतो. तिथला हिब्रू शब्द आहे ‘हागा’. त्याचा अर्थ मनातल्या मनात विचार एवढाच नाही. ओठ हलवत पुटपुटणं, गुरगुरणं. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. मनन म्हणजे असं, तोंडात धरून ठेवणं, सोडायचं नाही.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ग्वीगो नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी होता. त्याने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत त्याचा रस निघतो, आणि ध्यानात गोडी येते. युरोपच्या मठांमधून या चावण्याला गाईगुरांच्या रवंथाची उपमा देत. आपल्याला तर हे समजावून सांगायलाच नको. दुपारी झाडाखाली बसलेली गाय पाहिली नाही असा इथे कोण आहे? आणि आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन ही वाट फार जुनी आहे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. ती रविवारी ऐकलेलं एकच वाक्य घेऊन घरी यायची आणि आठवडाभर दळता-कांडताना तेच घोळवायची. जात्यात ज्वारी, तोंडात वचन. आज माझ्याकडे पाच भाषांतरं आहेत आणि तिच्या एका वाक्याची सर माझ्या वाचनाला येत नाही.

पण ग्वीगोबद्दलही मला एक तक्रार आहे. त्याची शिडी गोडीपाशी पोचून थांबते. शास्त्र तिथे थांबत नाही.

यहेज्केल संदेष्ट्याची गोष्ट घ्या. देव त्याला गुंडाळी खायला देतो. तिच्यावर दोन्ही बाजूंनी विलाप आणि आकांत लिहिलेला. तो खातो, आणि तोंडात ती मधासारखी गोड लागते. आपले उपदेशक बहुतेक इथे थांबतात. पुढे वाचा. त्याला लगेच हट्टी लोकांकडे पाठवलं जातं. तो जातो तेव्हा त्याच्या मनात कडवटपणा आहे, आणि कैदेतल्या लोकांमध्ये तो सात दिवस सुन्न होऊन बसतो. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात योहान असंच एक लहान पुस्तक खातो. तोंडात मध, पोटात कडू. जिभेला एक लागतं आणि पोटात गेल्यावर दुसरंच काही होतं, हे भिवापूरकरांना मी काय सांगावं! (हशा)

तर माझं म्हणणं असं आहे: वचन अंगी लागलं की नाही हे गोडीवरून कळत नाही. ते कळतं त्या माणसाच्या ताटावरून. तो कोणाबरोबर जेवतो, कोणाच्या हातचं पाणी पितो, कोणाला उपाशी ठेवून उठतो, यावरून. आणि हे सांगायला मला दूर जायचं नाही, आपल्या मराठीतच तीन साक्षीदार आहेत.

पहिले, नारायण वामन टिळक. 1893 साली आपल्या याच भागातून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने नवा करार हातात दिला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. ते पानच सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. मधली दोन वर्षं रवंथाची होती. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक मानत. मी याचा अर्थ असा लावतो की चावायचं कसं ते त्यांना तुकोबांनी आधीच शिकवलं होतं. पण पोटातला कडूपणाही चुकला नाही. संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या.

दुसऱ्या, पंडिता रमाबाई. आई-वडील गावोगाव पुराण सांगणारे. शास्त्र मुखोद्गत असलेलं ते घर दक्षिणेच्या दुष्काळात उपासमारीत सापडलं आणि आई-वडील दोघं गेले. तोंडात शास्त्र, पोटात अन्न नाही, हे रमाबाईंनी प्रत्यक्ष भोगलेलं. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. त्याला आणखी कितीतरी वर्षं लागली. केवढा प्रामाणिकपणा! ताट वाढलेलं होतं, घास उतरला नव्हता. आणि उतरला तेव्हा काय केलं? 1897 च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि भुकेल्या मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्तीत त्यांच्यासाठी आधी चूल पेटली. मग त्याच बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, भाषांतराला बसल्या. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 साली ते संपूर्ण बायबल निघालं. साहित्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो, ते वाचताना मी ठिकठिकाणी अडखळतो. मुळाला इतकं धरून आहे की मराठीचा ओघ तुटतो. हा दोष आहेच. पण जिला आधी भाकर दिली, तिच्या हाती वचनही द्यायचं, या क्रमासाठी मी त्या भाषांतरापुढे मान झुकवतो.

तिसऱ्या साक्षीदार मला सगळ्यात मोठ्या वाटतात. लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. त्यात त्यांच्या वडिलांचं सोवळं आठवा. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात चालत नसे. अशा घरातली मुलगी. ती ख्रिस्ती नवऱ्याकडे परत आली तीही आपलं सोवळं, आपली वेगळी चूल सांभाळूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार केला: माणूस आणि जनावर यांतला फरक देवाने केलेला दिसतो, पण माणसामाणसांतली जात काही देवाने केलेली दिसत नाही. झालं! आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यातला क्रम बघा. आपण समजतो की आधी वचन आत जाईल, मग आचरण बदलेल. इथे आधी पाण्याचा तांब्या बदलला. त्या बाईने बाप्तिस्म्याआधी ताट बदललं आणि मग विश्वास त्या ताटावर येऊन बसला. भारतात शास्त्र खाण्याची गोष्ट करायची तर ती जेवणाच्या पंक्तीला वळसा घालून करताच येत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात शास्त्रपचनाचं याहून चांगलं चित्र मी वाचलेलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यात ‘आत्मिक आहार’ हा शब्दही लागत नाही.

हे पौलालाही ठाऊक होतं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तो म्हणतो की तुम्हाला मी दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही, कारण तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. आपण हे दूध आणि जड अन्न ज्ञानाच्या इयत्तांसारखं वाचतो. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात कळतं की प्रभुभोजनाला एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. म्हणजे बाळं कोण? ज्यांना एका पंक्तीत बसता येत नाही ती.

हा दोष करिंथमध्येच संपला असं समजू नका. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र पाठवून जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा, असं बजावावं लागलं. प्रभुभोजनासारख्या ठिकाणीसुद्धा वेगळं बसणं चालू होतं. ते लोक बायबल वाचत नव्हते का? वाचत होते. तोंडपाठही असेल. पचलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, भाऊ, तुम्ही सगळं समाजकारण केलंत. दुःखात असलेल्या माणसाला एक गोड वचन पुरतं, त्याला कशाला हे? हा आक्षेप खरा आहे. आजाऱ्याला पेजच द्यावी. पेत्राच्या पत्रातसुद्धा नव्या बाळकांनी दुधाची इच्छा धरावी असं आहेच. मी दुधाच्या विरोधात नाही. पण धडधाकट माणूस वीस वर्षं पेजेवर राहिला तर आपण त्याला वैद्याकडे नेतो ना? इब्री लोकांच्या पत्रात जड अन्न कुणासाठी, तर सरावाने ज्यांना बरं-वाईट ओळखता येतं त्यांच्यासाठी. सराव हा शब्द महत्त्वाचा आहे. तो वाचून होत नाही, करून होतो.

तेव्हा मंडळी, एवढंच सुचवतो. उद्या सकाळी ते फुलावरचं वचन आलं तर पुसून टाकू नका. बायबल उघडा, ते वचन काढा, आणि त्याच्या आधीचं अन् नंतरचं पान वाचा. एकच उतारा आठवडाभर तोंडात ठेवा. आणि आठवड्याच्या शेवटी स्वतःला एक विचारा: ज्याच्या घरी मी आजवर पाणी प्यायलो नाही असं या गावात कोण आहे?

त्याच्या दारात जाऊन पाणी मागा. मग मला सांगा वचनाची चव कशी लागली ते.