खोटे ओरखडे

गेल्या दोन लगीनसराईंत भिवंडी-कल्याण पट्ट्यातील हळदीच्या ज्या चित्रफिती हातोहात फिरल्या, त्यांपैकी कित्येकींवर, त्या अत्यंत निर्मळ चित्र टिपणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या असतानाही, मागाहून ओरखडे चढविलेले होते: रंग विटविलेले, कडा थरथरत्या केलेल्या, कोपऱ्यात वधूच्या जन्मापूर्वीची एखादी तारीख घातलेली, आणि या साऱ्यावर ध्वनिमुद्रणशाळेत घोटून काढलेले गाणे. २०२५ साली कोडॅकच्या नावाने, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकविण्याजोगा, १.६ मेगापिक्सेलचा ‘चार्मेरा’ निघाला, तेव्हा या जुनाटपणाच्या हौसेला बाजारपेठेचे शिक्कामोर्तबही लाभले.

स्वस्त यंत्राविषयी मला तिटकारा मुळीच नाही. फिशर-प्राइस या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने १९८७ साली काढलेला पीएक्सएल-२००० हा कॅमेरा गाण्याच्या साध्या कॅसेटवर चित्र उतरवीत असे, आणि फीत अतिवेगाने पळवावी लागत असल्यामुळे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे धूसर कृष्णधवल चित्र मावे. तरीही सेडी बेनिंग या किशोरवयीन कलावंताने आपल्या खोलीतच राहून, भिंगाच्या अगदी निकट चेहरा आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या नेऊन, त्याच दारिद्र्यातून आत्मकथनाची स्वतंत्र शैली निर्माण केली. मायकेल अल्मेरेडाने ‘नाद्या’त (१९९४) तीच धूसरता केवळ अलंकार म्हणून घातली. 

परंतु अभावातून घडणाऱ्या या कलेचे खरे पीठ शोधण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. मुंबई-आग्रा महामार्गाने भिवंडी सोडून नाशिकच्याही पुढे गेले की, भिवंडीसारखेच यंत्रमागांवर जगणारे मालेगाव आहे. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली सुमारे पन्नास हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ निर्माण केला, तेव्हा घोडे परवडत नाहीत म्हणून दरोडेखोर सायकलींवर बसले, क्रेन नाही म्हणून बैलगाडीच्या जुवाने कॅमेरा उचलला, ट्रॉली नाही म्हणून सायकल ढकलली, आणि दोन व्हीसीआर जोडून संकलन उरकले. पुढे त्यांच्याच दुसऱ्या चित्रपटात शफिक शेख हा कृश अंगयष्टीचा माग कामगार सुपरमॅन झाला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी कोण, तर घाणीवर प्रेम करणारा एक खलपुरुष. ज्या शहराची गटारे तुंबलेली आहेत त्या शहराने आपला शत्रू किती अचूक ओळखला होता! फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात हा सारा उद्योग जसा दिसतो, तसा पाहताना माझ्या मनात एकच गोष्ट दृढ होत गेली: तेथील प्रत्येक चौकट कशाच्या तरी अभावाला दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर शोधताना लागलेली बुद्धी त्या चौकटीत दिसते. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२५) हा त्याच उद्योगावरचा कथापट सद्हेतूने केलेला आहे. पण संपन्न यंत्रसामग्रीने पुन्हा उभारलेली टंचाई कोणालाच अडवीत नाही, म्हणून कोणाला काही सुचवीतही नाही.

आता भिवंडीच्या कॅसेटींकडे वळतो. काल्हेर, कशेळी, अंजूर या बाजूच्या आगरी घरांत नव्वदीच्या दशकात हळदीच्या रात्री जो शूटिंगवाला येई, त्याच्यापाशी तीन तासांची एक कॅसेट, हॅलोजनचा दिवा धरणारा एक पोऱ्या आणि कॅमेऱ्यातच बसविलेला एक क्षुद्र ध्वनिग्राहक असे. हा ध्वनिग्राहक निवड करीत नसे, जे जवळ असेल ते घेई, आणि मांडवात पुष्कळदा जवळ असे ती धवले, म्हणजे लग्नगीते, म्हणणारी धवलारीण. तिचा घोगरा आवाज, मध्येच कोणाला तरी घातलेली हाक, पोराचे रडणे, विहिणींची चेष्टा, हे सारे त्या मूळ कॅसेटवर उतरे. पुढे स्टुडिओत ‘मिक्सिंग’ होई, बदाम आणि फुले उडत, धवल्यांच्या जागी चित्रपटगीत येई, आणि मूळ कॅसेटवर पुष्कळदा दुसऱ्याच घरचे लग्न चढे.

म्हणजे त्या काळच्या चित्रफितीत मोलाचे जे होते ते स्टुडिओनेच पुसले, आणि आजचा स्टुडिओ त्या फितीची व्याधी तेवढी उचलून विकतो आहे. थरथर, ठिपके, विटलेला रंग ही कोणाची शैली नव्हती. लोहकणांचा लेप सैल होतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, प्रतीवरून प्रत काढताना दर खेपेस तपशील गळतो, हेड झिजते; ही क्षयाची लक्षणे आहेत. घरातील माणूस अंथरुणावर असताना त्याच्या खोकल्याची नक्कल करून दाखवावी, तसा हा प्रकार मला वाटतो. खऱ्या ओरखड्याखाली एक माणूस बोलत असतो. या नव्या ओरखड्यांखाली कोणीच बोलत नाही, कारण मांडवातील आवाज कापूनच त्यावर गाणे बसविलेले असते.

आणि वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनविणारी जपानची फुनाई ही अखेरची कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. चालू स्थितीतील यंत्रे दरसाल घटत आहेत, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. १९६४ पासून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांच्या रिळांसाठी जी तजवीज केली, तशी घरगुती कॅसेटींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावयास हवी, आणि तिची सुरुवात सरकारी हुकुमाची वाट न पाहता लग्नाचे शूटिंग घेणाऱ्यांनीच करावी. कारण यंत्र, कसब आणि घराघरांतील ओळख ही तिन्ही त्यांच्यापाशी आहेत. हळदीच्या चित्रफितीवर कृत्रिम ठिपके घालण्याचे पैसे घेण्यापूर्वी त्यांनी वधूच्या आईच्या लग्नाची कॅसेट मागून घ्यावी, बुरशी पुसून ती संगणकावर उतरवावी, रंग सुधारू नये, काही कापू नये, आणि धवलारिणीचा आवाज लागला तर त्यावर गाणे चढवू नये.