भिंतीआड राहिलेलं छायाचित्रण

मुळशीचा तुरुंगाशी संबंध जुना आहे. १९२१च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांसह अनेक मावळ्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा याच मावळातल्या काही पोरांच्या वाट्याला वेगळ्या कारणाने कोठडी आली. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमीन विकण्यापासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास पडद्यावर आणला. बराकीतले दिवस मात्र मराठी वाचकाला छायाचित्रांतून क्वचितच दिसतात.

तुरुंगात कॅमेरा पहिल्यांदा गेला तो ओळख पटवायला. १९२०च्या कायद्याने कैद्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. त्याची जागा घेणाऱ्या २०२२च्या कायद्याने डोळ्यांची बुबुळंही नोंदीत आणली. सरकारकडे कैद्याचा चेहरा आहे, पण त्या फोटोत त्याचा दिवस नाही. वृत्तपत्रांत येते ती राखीपौर्णिमा, दिवाळीच्या वस्तूंचं प्रदर्शन, कैद्यांची आपल्या मुलांशी होणारी गळाभेट. गळाभेटीचं मोल मोठंच आहे. पण छायाचित्रकार समारंभापुरता आत जातो, म्हणून समारंभच टिपतो. मुलाखतीच्या खिडकीपाशी ताटकळणारी आई, तारखेची वाट पाहण्यात सरलेली दुपार या चौकटीत येत नाही.

याला परवानगीचा इतिहास कारण आहे. पत्रकार शीला बारसे यांना १९८६ साली महाराष्ट्रातल्या स्त्री कैद्यांशी बोलण्याची मुभा मिळाली. मुलाखती ध्वनिमुद्रित होऊ लागताच ती काढून घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये पत्रकारांना प्रवेश मान्य केला, पण ध्वनिमुद्रणासाठी खास परवानगीची अट राहिली. २०१५च्या केंद्रीय सूचनांनी माहितीपटकारांसाठी एक लाख रुपयांची अनामत आणि चित्रीकरणाची तपासणी आणली.

ही पोकळी इतर कलांनी भरली. आनंद पटवर्धन यांनी ‘जमीर के बंदी’ या माहितीपटात (१९७८) राजकीय कैद्यांना बोलतं केलं. स्वतः कैदेत राहिलेल्या अरुण फरेरा यांनी नागपूर तुरुंगातलं जगणं रेखाटलं. तशाच कैदेत राहिलेल्या सुधा भारद्वाज यांनी येरवडा तुरुंगातल्या स्त्रियांची शब्दचित्रं २०२३मध्ये पुस्तकरूपाने दिली. या कामांत तुरुंग भोगलेल्यांचाच आवाज आहे, म्हणून त्यांची ताकद वेगळी.

छायाचित्रणालाही हे जमतं. डॅनी लायन यांनी १९६७-६८मध्ये टेक्सासच्या तुरुंगांत दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या १९७१च्या पुस्तकात एका कैद्याची पत्रं आणि चित्रंही आहेत. नायजेल पूअर यांनी कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिनमध्ये तुरुंगाचे जुने फोटो कैद्यांपुढे ठेवले आणि त्यांना त्यांवरच लिहू दिलं.

आपल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत. कायद्याने ते अजून निर्दोषच. एका फोटोने त्यांच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसू शकतो. म्हणून कैद्याची संमती ही या कलेची पहिली अट हवी, आणि दिलेली संमती मागे घेण्याची मुभाही. तेवढी काळजी घेऊन कारागृह विभागाने एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराला एकाच तुरुंगात वर्षभर काम करू द्यावं आणि फोटोखालचा मजकूर कैद्यांनी लिहावा. २६ जानेवारी २०२१पासून येरवड्यात तुरुंग पर्यटन सुरू झालं. इतिहास दाखवायला दार उघडता येतं, तर वर्तमान दाखवायलाही उघडता आलं पाहिजे.